खाटेवाचून शुश्रूषा

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



या व्याख्यानमालेत एक पुष्प मी गुंफावे अशी आज्ञा आपल्या चिटणिसांनी केली, तेव्हा मी प्रथम नकारच दिला होता. माझ्या आधीच्या वक्त्यांनी तंजावूरच्या भोसले घराण्यावर, सरस्वती महालातील मराठी हस्तलिखितांवर आणि बृहदीश्वराच्या भिंतीवरील आपल्या शिलालेखावर अधिकारवाणीने विवेचन केले आहे. मी डाक खात्यातला मनुष्य. पदवी कलाशाखेची, तीही इतिहास घेऊन कशीबशी पदरात पाडून घेतलेली. आज मी ज्या विषयावर बोलणार आहे तो तर वैद्यकाचा, म्हणजे माझ्या अधिकाराच्या सर्वस्वी बाहेरचा. तरीही तो निवडण्याचे धाडस केले, याला कारण आपल्या महोत्सवी निधीतून काय करावे यासंबंधी गेले दोन महिने चाललेली चर्चा. रुग्णालयाला मंडळाच्या नावाने एखादी खाट द्यावी, तिच्यावर पितळी पाटी बसवावी, अशी एक सूचना पुढे आली आहे. सूचना सद्भावनेची आहे. तिच्याविषयी माझे जे म्हणणे आहे ते सभेत दोन मिनिटांत सांगता येण्यासारखे नव्हते, म्हणून ते आज येथे मांडतो.

आपल्यापैकी प्रत्येकाने रात्रीच्या गाडीने तंजावूरहून चेन्नईचा प्रवास कधी ना कधी केला असेल. पहाटे तांबरम येते आणि गाडी तेथून हलली की लगेच एक लहानसे स्थानक मागे पडते. त्याच्या पाटीवर 'तांबरम सॅनेटोरियम' असे नाव आहे. आपली गाडी तेथे थांबत नाही, लोकल थांबतात. पुढे वीस-बावीस किलोमीटरवर, एग्मोर येण्याच्या अगदी आधी, चेटपेट नावाचे आणखी एक स्थानक येते. तेथेही आपली गाडी थांबत नाही. त्या सुमारास आपण बहुधा बर्थखालच्या चपला शोधत असतो. मला आज सांगायचे आहे ते या दोन स्थानकांमधले. एका ठिकाणी क्षयरोग्यासाठी खाटा होत्या. दुसऱ्या ठिकाणी एक विलक्षण प्रश्न विचारला गेला : खाट नसेल तर काय?

तांबरमचे आरोग्यधाम १९२८ साली डॉ. चौरी मुथू यांनी सुरू केले. हे गृहस्थ त्याआधी इंग्लंडमध्ये मेंडिप टेकड्यांत क्षयरोग्यांचे आरोग्यधाम चालवीत असत, आणि त्यांच्या तेथील रुग्णांत आपल्या शेजारच्या कुंभकोणमचा एक तरुण होता. त्याचे नाव श्रीनिवास रामानुजन. १९१४ साली ज्या बोटीने रामानुजन विलायतेला गेले त्याच बोटीवर हे डॉक्टरही होते. रामानुजनांना क्षयच होता की यकृताचा एखादा विकार होता, याविषयी पुढे डॉक्टरांनीच शंका घेतल्या आहेत. त्या वेळी मात्र निदान क्षयाचे झाले. या आरोग्यधामातून त्या आरोग्यधामात असा त्यांचा प्रवास चालला आणि स्वदेशी परतल्यावर २६ एप्रिल १९२० रोजी, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, त्यांचा अंत झाला. तो झाला चेटपेटला. इतिहास असे धागे विणून ठेवतो आणि आपण गाडीत चपला शोधत बसतो!

त्या काळी क्षयावर औषध नव्हते. मोकळी हवा, पूर्ण विश्रांती, दूध-अंडी, आणि काही जणांच्या बाबतीत छातीची अवघड शस्त्रक्रिया, एवढीच चिकित्सा होती. तिच्यासाठी आरोग्यधाम हवे आणि आरोग्यधामात खाट हवी. आमच्या सांगली-मिरजेकडील मंडळींना मिरजेजवळचे वानलेसवाडीचे आरोग्यधाम ठाऊक असेल. माझ्या लहानपणी 'त्याला वानलेसवाडीला नेलं' हे वाक्य बायका आवाज खाली आणून उच्चारीत. ज्याला नेले त्याचेही भाग्यच म्हणायचे, कारण न्यायला खाटा होत्या कुठे? १९४६ साली भोर समितीने देशाच्या आरोग्याचा जो अहवाल सरकारला सादर केला, त्यात क्षयरोग्यांची संख्या सुमारे पंचवीस लाख आणि वर्षाकाठी मृत्यू पाच लाख धरलेले आहेत. खाटा होत्या सुमारे सहा हजार. भागाकार करून पाहा. एका खाटेमागे चारशेहून अधिक माणसे येतात, आणि एकेक रुग्ण त्या खाटेवर वर्ष वर्ष राहणार! आपण प्रत्येक वर्षी खाटा दुप्पट केल्या असत्या तरी त्या रांगेतील बहुतेकांची पाळी स्मशानातच आली असती.

मग औषधे आली. १९४३ साली स्ट्रेप्टोमायसिनचा शोध लागला, त्यामागून पी.ए.एस. आले आणि १९५२ साली आयसोनियाझिड नावाची स्वस्त गोळी आली. प्रश्न असा उभा राहिला की ही औषधे रुग्णाला आरोग्यधामातच द्यायला हवीत काय? पोटात घ्यायचे औषध मनुष्य आपल्या घरी बसून घेऊ शकणार नाही काय? आज हा प्रश्न आपल्याला पोरकट वाटेल. १९५० च्या सुमारास तो तसा नव्हता. खोकल्यातून जंतू बाहेर टाकणाऱ्या रुग्णाला एका खोलीच्या घरात, चार मुलांच्या शेजारी निजू द्यायचे, हे कोणाही विवेकी डॉक्टरला अधर्मासारखे वाटावे अशीच परिस्थिती होती.

या प्रश्नाचे उत्तर मद्रासने दिले. १९५६ साली चेटपेट येथे क्षयरोग औषधोपचार केंद्र स्थापन झाले. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, मद्रास सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि ब्रिटनची वैद्यकीय संशोधन परिषद अशा चौघांनी मिळून ते उभारले आणि डॉ. वॉलेस फॉक्स हे त्याचे पहिले संचालक झाले. मद्रास शहराच्या गरीब वस्त्यांतील १९३ रुग्ण त्यांनी घेतले. हे लोक काही किरकोळ आजारी नव्हते. बहुतेकांचा आजार पुष्कळ पसरलेला होता, फुप्फुसात पोकळ्या पडलेल्या होत्या. चिठ्ठ्या टाकाव्यात त्याप्रमाणे, कोणाचीही आवडनिवड न ठेवता, अर्ध्यांना आरोग्यधामात पाठविले आणि अर्ध्यांना घरी. औषधे दोघांनाही तीच, पी.ए.एस. आणि आयसोनियाझिड, आणि मुदत बारा महिने.

आरोग्यधामातील रुग्णाला विश्रांती होती, परिचारिका होत्या, चौरस आहार होता. घरच्या रुग्णाला यांपैकी काहीच नव्हते. तो जरा बरा वाटताच कामाला जाऊ लागला. घर तेच दाटीचे होते आणि ताटात भात-रसम यापलीकडे फारसे काही नसे. वर्षाअखेर हिशेब केला तेव्हा आरोग्यधामातील शंभरांपैकी ९२ आणि घरच्या शंभरांपैकी ८६ रुग्णांचा आजार शमलेला होता. याचा वृत्तान्त १९५९ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. पुढे पाच वर्षे या माणसांवर लक्ष ठेवण्यात आले, तेव्हाही घरच्यांची पीछेहाट दिसली नाही. सर्वांत धास्ती होती ती घरातल्या मुलाबाळांची. तीही तपासली गेली. रुग्ण घरी राहिला म्हणून त्या घरांत आजार अधिक पसरला, असे आढळले नाही. जो संसर्ग व्हायचा तो बहुतांशी निदानाच्या आधीच, खोकल्याकडे दुर्लक्ष करण्याच्या महिन्यांत, होऊन गेलेला असतो आणि औषध सुरू झाले की रुग्णापासूनचा धोका झपाट्याने उतरतो.

येथपर्यंतची गोष्ट पुस्तकांत असते, आणि तिचे तात्पर्य सहसा असे काढतात की घर हे आरोग्यधामाइतकेच चांगले. मला हे तात्पर्य अपुरे वाटते. घर चांगले नव्हतेच. मग घरच्यांना गुण कशाने आला?

येथे माझ्यातील डाक खात्याचा मनुष्य जागा होतो. आमच्याकडे साधे पत्र असते आणि रजिस्टर पत्र असते. साधे पत्र पेटीत टाकले की टाकणाऱ्याचे काम संपले. रजिस्टर पत्राची पोचपावती यावी लागते. पत्र कोणाच्या हाती पडले, कोणत्या तारखेला पडले, हे सही-शिक्क्यानिशी परत आले पाहिजे. मद्रासच्या त्या केंद्राने औषधे रजिस्टरने पाठविली. रुग्णाने ठरल्या दिवशी केंद्रात यायचे आणि मोजून दिलेले औषध न्यायचे. आला नाही तर त्याच्या दारात आरोग्यसेविका हजर. ती पूर्वसूचना न देताही घरी जाई, उरलेल्या औषधांची मोजदाद करी आणि लघवीचा नमुना घेई, कारण पी.ए.एस. पोटात गेले असल्यास त्याची खूण लघवीत उतरते. ही झाली पोचपावती! पी.ए.एस. हे काही पेढे नव्हते. मोठाल्या चकत्या, मळमळ, पोट बिघडणे हे सारे त्याच्यासोबत येई. तोंडाने 'घेतले' म्हणणाऱ्या माणसाने ते खिडकीतून टाकले असण्याचा संभव भरपूर होता, आणि डॉक्टरांनी रुग्णांचा अपमान न करता हा संभव गृहीत धरला होता. सेविका औषध मोजता मोजता घरच्यांशी बोले, कोणाच्या नोकरीची अडचण, कोणाच्या सासरची कुरबुर ऐकून घेई. म्हणजे आरोग्यधामाच्या खाटेवरून केवळ रुग्ण घरी गेला नव्हता. त्या खाटेभोवतीची नजर त्याच्या मागोमाग घरी गेली होती.

या नजरेची किंमत मला घरच्या अनुभवातून कळली आहे. माझे धाकटे काका, आमचे गाव सांगली जिल्ह्यात, १९७९ साली आजारी पडले. मी तेव्हा शाळेत होतो. एका मोठ्या दवाखान्यात, त्याचे नाव घेण्याचे कारण नाही, त्यांना तपासले, क्षय ठरविला आणि खाट शिल्लक नाही म्हणून घरीच उपचार घ्या असे सांगितले. यात चूक काहीच नव्हती. आज मला कळते की तो सल्ला शास्त्राला धरूनच होता. सुई टोचायला तालुक्याला जायचे आणि गोळ्या वर्ष-दीड वर्ष घ्यायच्या. तीन महिन्यांत काकांचा ताप गेला, अंग भरले, खोकला थांबला. चौथ्या महिन्यात उसाची तोड आली आणि त्यांनी जाणे बंद केले. गोळ्यांची पुडी देव्हाऱ्याशेजारच्या कोनाड्यात तशीच राहिली. माझ्या आजीने त्यांचा कान तुटलेला कप शेवटपर्यंत वेगळा ठेवला होता. त्यात ती कसूर करीत नसे. गोळ्यांकडे बघायचे असते हे मात्र तिला कोणी सांगितले नव्हते. दोन वर्षांनी आजार उलटला, त्या वेळी औषधे पहिल्यासारखी लागू पडली नाहीत, आणि काका गेले. त्या दोन वर्षांत आमच्या दारात दवाखान्याचे एकही माणूस आले नाही, एक पोस्टकार्डदेखील आले नाही. मी पुढे डाक खात्यात लागलो तेव्हा त्या न आलेल्या पोस्टकार्डाची आठवण मला पुष्कळदा झाली आहे.

माझ्या काकांचे जे झाले तेच थोड्याफार फरकाने देशात अनेक घरी झाले. मद्रासचा निष्कर्ष हाती आल्यावर १९६२ साली राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रम सुरू झाला, जिल्ह्याजिल्ह्यांत बाह्यरुग्ण उपचाराची सोय झाली, आणि हा मार्ग भारतानेच जगाला दाखविला याचा अभिमान आपण अवश्य बाळगावा. परंतु खाट वगळून उपचार स्वस्त करताना सेविकेलाही वगळण्याचा मोह पुष्कळ ठिकाणी आवरला नाही. चेटपेटच्या डॉक्टरांनी स्वतः हा धोका ओळखला होता. रोजच्या गोळ्या विसरल्या जातात हे पाहून त्यांनी आठवड्यातून फक्त दोनदा, पण कोणाच्या तरी डोळ्यांदेखत औषध देण्याची पद्धत तपासली आणि १९६४ साली तिचे चांगले फळ प्रसिद्ध केले. 'डोळ्यांदेखत औषध' हे तत्त्व नव्वदीच्या दशकात जागतिक आरोग्य संघटनेने जगभर पुरस्कारले आणि १९९७ पासून आपल्या देशात ते 'डॉट्स' या नावाने आले. मद्रासहून निघालेले पत्र जिनिव्हाचा फेरा करून तीस वर्षांनी मद्रासला परत पोचले, असेच म्हणायचे! आमच्या खात्यावर विलंबाचा आरोप करणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

त्या संशोधनाच्या एका भागाविषयी मात्र मला तक्रार करायची आहे. म्हणजे संशोधनाविषयी नव्हे, त्यातून लोकांनी काढलेल्या अर्थाविषयी. घरच्या रुग्णांचा आहार निकृष्ट असूनही ते बरे झाले, हे पाहून आहाराचे महत्त्व नाही असा समज दृढ झाला. औषधापुढे आहार दुय्यम, एवढेच खरे होते. २०२३ साली झारखंडमधील एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. डॉ. अनुराग भार्गव आणि डॉ. माधवी भार्गव यांनी तो केला होता. २८०० रुग्ण आणि त्यांच्या घरची दहा हजारांहून अधिक माणसे त्यात होती. ज्या घरांत रुग्णाबरोबर सगळ्यांनाच तांदूळ, डाळ वगैरे शिधा दिला, त्या घरांतील इतरांना क्षय होण्याचे प्रमाण, केवळ रुग्णालाच शिधा मिळालेल्या घरांपेक्षा, जवळजवळ चाळीस टक्क्यांनी कमी झाले. रुग्णांच्या बाबतीतही असे दिसले की पहिल्या दोन महिन्यांत ज्याचे वजन वाढते त्याच्या मृत्यूचा धोका उतरतो. औषध रुग्णाला बरे करते आणि भाकरी घराला वाचवते, असे काहीसे हे आहे. आज सरकार रुग्णाच्या खात्यात आहारासाठी दरमहा रक्कम जमा करते. २०१८ साली ती पाचशे रुपये होती, नोव्हेंबर २०२४ पासून हजार झाली. हजार रुपयांत काय येते ते येथे बसलेल्या भगिनींना मी सांगायला नको.

आता आपण म्हणाल, मग खाट नकोच काय? नाही. तसे मी म्हणणार नाही, कारण २०२१ चा मे महिना मी या गावात काढला आहे. आपल्यापैकी कितीतरी घरांत त्या वेळी कोरोनाचे रुग्ण होते आणि रुग्णालयांत जागा नव्हती. मंडळाच्या कार्यकर्त्यांनी तेव्हा घरे वाटून घेतली. सकाळी आणि रात्री फोन करायचा, बोटावरच्या यंत्राचा आकडा विचारायचा, वहीत लिहायचा. माझ्याकडे सात घरे होती. सहा घरे सुखरूप बाहेर पडली. सातव्या घरातील आपले ज्येष्ठ सभासद, 'मला काही होत नाही, ठीक आहे' असे प्रत्येक वेळी स्वतःच फोनवर सांगत. आवाज खणखणीत होता. मी आकडा विचारण्याचा आग्रह तिसऱ्या दिवशी सोडला, वडीलधाऱ्या माणसाला किती टोचायचे म्हणून. चौथ्या दिवशी पहाटे त्यांना न्यावे लागले आणि ते परत आले नाहीत. आदल्या रात्री आकडा समजला असता तर ते वाचले असते, असे डॉक्टर म्हणाले नाहीत आणि मीही म्हणू शकत नाही. माझ्या वहीतील त्या दिवसाच्या दोन चौकटी मात्र रिकाम्या आहेत.

घरी कोणाला ठेवावे आणि कोणाला ठेवू नये, हे ओळखणे हा या साऱ्या विषयातला सर्वांत अवघड भाग आहे, आणि त्यासाठी आपल्या तमिळनाडूने जे केले ते महाराष्ट्रातील आपल्या आप्तांनाही ठाऊक असावे. २०२२ साली राज्याने क्षयाचे मृत्यू टाळण्यासाठी एक योजना सुरू केली. निदान होताच प्रत्येक रुग्णाच्या काही अगदी साध्या गोष्टी पाहतात. उंचीच्या मानाने वजन किती, पायांवर सूज आहे काय, श्वास मिनिटाला किती, रक्तातील प्राणवायू किती, आणि आधाराशिवाय मनुष्य उभा राहू शकतो की नाही. याला ना क्ष-किरण लागतो ना तज्ज्ञ. तालुक्याच्या दवाखान्यातील परिचारिका वजनकाटा आणि बोटावरचे यंत्र घेऊन हे पाहू शकते. यात जो फार खालावलेला निघेल त्याला तत्काळ दाखल करायचे, बाकीच्यांनी घरी राहून उपचार घ्यायचे. म्हणजे खाटांची संख्या तीच राहते, पण जो आधाराशिवाय उभा राहू शकत नाही त्याच्या वाट्याला ती येते. १९५६ च्या त्या प्रश्नाचे हे दुसरे अर्धे उत्तर आहे असे मला वाटते.

येथे आपल्या सरफोजीराजांचे स्मरण होणे अपरिहार्य आहे. त्यांच्या धन्वंतरी महालाविषयी, त्यांनी तपासलेल्या नेत्ररोग्यांच्या टिपणांविषयी आणि डोळ्यांच्या रंगीत चित्रांविषयी आपण ऐकले आहे. मला त्याहूनही मोलाचे वाटते ते त्यांचे १८०१ सालचे, कंपनी सरकारकडे पाठविलेले पत्र. छत्रांचा खर्च चालू ठेवणे किती आवश्यक आहे हे पटविण्यासाठी ते लिहिले होते. वाटसरू वाटेत आजारी पडला तर छत्रात त्याला औषध, पथ्याचे अन्न आणि बरा होईपर्यंत आदराची वागणूक मिळे, असे त्यात राजांनी सांगितले आहे. वाटसरू म्हणजे कोण? ज्याचे घर दूर आहे तो. ओरत्तनाडूचे मुक्तांबाळ छत्र आपण सहलीला जाऊन पाहून आलो. तेथे खांब पाहिले, छायाचित्रे घेतली. मला तेथे उभा असताना आपलीच गलाईची पोरे आठवली.

तीच गोष्ट सांगून मी थांबणार आहे. खानापूर, आटपाडी, तासगाव या भागांतून सोने-चांदी गाळण्याच्या व्यवसायासाठी आलेली मंडळी या मंडळाचा कणा आहेत. त्यांच्या दुकानांत गावाकडची अठरा-एकोणीस वर्षांची मुले कामाला येतात, दुकानामागच्या खोलीत चौघे-पाचजण राहतात. तमिळ येत नाही, दवाखान्यात काय विचारतात ते कळत नाही. गेल्या वर्षी अशाच एका मुलाला क्षय निघाला. मालकाने भल्या मनाने त्याचे गावचे तिकीट काढले. घरी जा, आईच्या हातचे खा, बरा होऊन ये. तिकीट काढून झाल्यावर ते सहज मला भेटले आणि हकीकत सांगितली. मला कोनाड्यातली पुडी दिसली. मी त्यांना म्हटले, तिकीट रद्द करा. गावी जाण्यात पाप नाही, सरकारी नोंदीत त्याचे नाव एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात वर्ग करण्याची सोयही आता आहे. पण मुलगा कागद घेऊन तालुक्याला जाईल, पुन्हा रांगेत उभा राहील, आणि तोवर बरे वाटू लागलेले असेल. हे मी एकदा पाहिले आहे.

मालक विचारात पडले. इतर मुले काय म्हणतील, गिऱ्हाईक काय म्हणेल, वगैरे. शेवटी निर्णय त्यांच्या आईने दिला. वय सत्तरीच्या पुढे, शिक्षण तिसरी. त्या म्हणाल्या, "पोरगं हितंच ऱ्हाईल. मी बघते." माडीवरची खिडकीची खोली त्याला दिली. इतर चौघांना तपासून आणले. मी दोनदा दवाखान्यात सोबत गेलो ते केवळ दुभाषा म्हणून. तेथील सेविकेला मराठी येत नव्हते आणि आजींना तमिळ, पण मला लवकरच रजा मिळाली, कारण 'मात्तिरै' म्हणजे गोळी हा एक शब्द दोघींना पुरला. आजींनी काय केले, तर स्वयंपाकघरातले कालनिर्णय काढून माडीवर लावले. रोज सकाळी न्याहारीनंतर मुलाने त्यांच्यासमोर गोळ्या गिळायच्या आणि त्या तारखेवर हळदकुंकवाचे बोट उठवायचे. सेविका घरी आली की प्रथम ते पान पाहून घेई, मग पाकिटातील गोळ्या मोजी. एकदा चतुर्थीला बोट दिसले नाही म्हणून तिने खुणेने विचारले. आजींनी सांगितले की त्या दिवशी त्यांचा उपास होता, पोराचा नव्हता. गोळी दिली होती, बोट उठवायचे राहिले होते. पाकीट मोजले, बरोबर भरले.

म्हणून निधीविषयी माझे म्हणणे असे. खाट देऊ नका असे मी म्हणत नाही. ती द्यायची तर रुग्णालयाला विचारून द्यावी, त्यांना वजनकाटाच हवा असेल तर वजनकाटा द्यावा, आणि त्यावर पितळी पाटी बसत नाही म्हणून नाराज होऊ नये. पण निधीचा मोठा भाग एका साध्या कामासाठी राखून ठेवावा. आपल्यापैकी किंवा शेजारच्या तमिळ घरांपैकी कोणी मोठ्या आजारात घरी उपचार घेत असेल, तर त्या घरी सहा महिने शिधा जावा आणि तो पोचविण्याचे निमित्त करून आपले एक माणूस आठवड्यातून एकदा दारात उभे राहावे. ज्यांना दोन्ही भाषा येतात अशांनी दवाखान्यात दुभाषा म्हणून जाण्यासाठी आपली नावे द्यावीत. त्यासाठी चिटणिसांच्या टेबलावर मी एक वही ठेवली आहे. कोरोनाच्या वेळची तीच वही आहे, मागची पाने कोरी होती.

तो मुलगा आता दुकानात परत कामाला लागला आहे. नोव्हेंबरमध्ये त्याचा औषधाचा शेवटचा दिवस झाला. नव्या वर्षाचे कालनिर्णय आले तेव्हा मालक जुने काढायला माडीवर गेले, तर आजींनी ते काढू दिले नाही. नवे त्याच्याशेजारी दुसऱ्या खिळ्याला लावले आहे.